बिनघोड्याचं औषध

कळसाडी, ता. शहादा
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय भूमिका,

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण आपल्या घरातला फोन कधीच एकटीचा नसतो. तुझ्या मायंना ऐकू कमी येतं म्हणून तो स्पीकरवर लागतो, आणि दारातल्या ओट्यावर बसलेला प्रत्येक जण उत्तर देतो. मला जे विचारायचं आहे ते ओट्यावर विचारता येण्यासारखं नाही. उत्तर माझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठव.

मला भीती वाटते. डायरीत हेच वाक्य इतक्यांदा लिहून झालं, की आता ते वाचणारं दुसरं कुणीतरी हवं झालं आहे.

गेल्या पावसाळ्यात तुझ्या भावाला घोणस चावली तेव्हा आम्ही तुला ‘वाचले’ एवढंच कळवलं. कसे वाचले ते सांगितलं नाही. पाय सुजला होता, पण हेमराज शुद्धीवर होते, नर्सशी बोलत होते. विषावरचं इंजेक्शन सुरू झालं आणि थोड्याच वेळात अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. डॉक्टरांनी धावत येऊन मांडीत दुसरं इंजेक्शन दिलं तेव्हा कुठे श्वास परतला. मी खाटेच्या पायाशी उभी होते. माणूस सापानं नाही, औषधानं चालला आहे, हे मी पाहिलं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, ‘हे औषध घोड्याच्या रक्तापासून करतात. यांना घोड्याचं मानवत नाही. पुढे कुठेही दाखवलंत तर हे आधी सांगा.’ त्यातलं ‘घोड्याचं मानवत नाही’ एवढंच घरापर्यंत पोचलं. माय म्हणाल्या, “घोडा आपला घरले लाभस नही.” त्या वर्षी सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला त्यांनी कुणालाच जाऊ दिलं नाही. शेजारच्या चुनीलालभाऊंच्या ललितच्या लग्नात नवरदेवाचा घोडा रस्त्याच्या एका कडेला आणि तुझा भाऊ दुसऱ्या कडेला, गटाराजवळून. चुनीलालभाऊ ओरडले, “हेमराज, ये ना रे जवळ! घोडा चावत नही, तूच चावशी त्याले!” सगळी वरात हसली. मीही हसले होते.

यंदा ऊस डोक्याच्या वर गेला आहे. परवा पाण्याच्या मोटारीच्या खोलीजवळ घोणस पडलेली होती, जाड, कुकरसारखी फुत्कारत. हेमराज गुडघ्यापर्यंतचे बूट घालतात, काठी आपटत जातात. पण जाणं काही टळत नाही. पुन्हा चावली तर मी काय करायचं? औषध द्यायला सांगितलं तर घोडा मारणार, नको म्हटलं तर साप.

तुमच्या प्रयोगशाळेत विषावर घोड्याशिवाय काहीतरी करतात, असं तू एकदा म्हणाली होतीस. खरं आहे का? तुझ्या भावाला ते मिळेल का? मी मराठी शिकवणारी बाई आहे. मला कळेल असं लिही, आणि मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

तुझी वहिनी,
रोशनी

—

बंगळूर
४ सप्टेंबर २०२५

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. भाऊचा श्वास बंद पडला होता हे मला वर्षभरानं कळतंय. ओटा एवढं बोलतो, आणि नेमकं हेच बोलला नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. घोड्याला थोडं थोडं विष टोचत जातात. घोडा मरत नाही. त्याचं शरीर त्या विषाला पकडून ठेवणारे पदार्थ तयार करतं. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. ती त्याच्या रक्तातून काढून बाटलीत भरतात. औषध चांगलं आहे, लाखो माणसं त्यानं वाचली आहेत. पण बाटलीत विष पकडणाऱ्या गोष्टींबरोबर घोड्याचं इतरही बरंच काही येतं. भाऊचं शरीर भडकलं ते त्या परक्या घोड्यावर.

आम्ही घोड्याला विचारतच नाही. विषाचा एक कण कसा दिसतो, त्याला खाचा कुठे, उंचवटे कुठे, हे आम्ही संगणकावर मांडतो. मग त्याच्या नेमक्या खाचेत घट्ट बसेल असा प्रथिनाचा एक लहानसा तुकडा आखतो. पूर्वी कुठल्याच प्राण्याच्या अंगात नसलेला, कोरा. तो जिवाणूंकडून बनवून घेतो. प्रतिपिंडाच्या मानानं तो एवढासा असतो, पण विषाला धरलं की सोडत नाही. नसेवर जाऊन बसायची विषाची जी बाजू, तीच तो अडवतो. तापवला तरी त्याचा आकार मोडत नाही, म्हणजे पुढेमागे फ्रीज नसलेल्या पाड्यावरसुद्धा तो ठेवता येईल.

आमच्यात त्याला लांबलचक नाव आहे. मी मनातल्या मनात ‘बिनघोड्याचं’ म्हणते.

गेल्या महिन्यात आम्ही ते उंदरांना दिलं. विष टोचल्यावर दिलं, तरी उंदीर वाचले. सकाळी पिंजऱ्यात ते दाणे खात होते आणि मला आपली तापीकाठची शेतं आठवली. माणसांपर्यंत यायला अजून वर्षं जातील, पण सापाच्या विषावर काहीतरी नवं होतंय, आणि ते माझ्या हातून होतंय, हे कधी कधी मलाच खरं वाटत नाही.

दिवाळीला येते. येताना त्याचा एक नमुना घेऊन येते. भाऊच्या हातात ठेवायचा आहे मला.

काळजी करू नका.

तुमची,
भूमिका

—

कळसाडी
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय भूमिका,

तुझं पत्र शाळेतच वाचलं. आधी ठरवलं होतं की घरी दाखवायचं नाही. पण माय त्या दिवशी हेमराजना शेतात जाताना पाहून पुन्हा रडल्या, आणि मी ओट्यावर बसून ते मोठ्यानं वाचलं. प्रतिपिंडं वगैरे मी भरभर वाचलं असेन. उंदीर वाचले, तिथे मायंनी हात जोडले. नमुना आणते, तिथे सगळे एकदम बोलायला लागले.

“मन्हं काळीज थंड व्हयनं,” माय म्हणाल्या. “मन्ही पोरनी घोडाले हाकली दिधं.”

हेमराज उठून आत गेले आणि कितीतरी दिवसांनी रेडिओ लावला. त्यांना इतकी भीती वाटत होती हे मला तेव्हा कळलं. वर्षभर तो माणूस आम्हाला दिसू न देता भीत होता.

पण आता उलटंच झालंय. बूट मोटारीच्या खोलीत पडून आहेत. ते चपला घालून उसात जातात. काठी नाही. मी बोलले तर म्हणतात, “दिवाळीले नमुना येई ऱ्हायना ना!” नमुना दिवाळीला येतोय, साप आत्ता इथे आहे, असं म्हटलं तर म्हणतात, “तवपर्यंत मी घोडानं औषध लेणार नही. चार दिन दम काढसू.” चुनीलालभाऊ रोज चिडवतात, “हेमराज, तुन्हा नमुना कव्हय येई रे? दोन बाटल्या मागाड, एक मन्हा बैलले!” त्यावरही ते चिडत नाहीत. छाती पुढे काढून हसतात.

मला बरं वाटायला हवं. वाटतंही. पण काहीतरी टोचतंय आणि ते काय आहे ते मला सापडत नाही. म्हणून निदान जे विचारता येईल ते विचारते. तो नमुना तू गाडीतून कसा आणणार? तापवला तरी मोडत नाही म्हणालीस, तरी आपण फ्रीजमध्ये ठेवावा का? एका माणसाला एक बाटली पुरते का? आणि इथले डॉक्टर तो द्यायला तयार होतील, की तुझी चिठ्ठी लागेल?

तुझी वहिनी,
रोशनी

—

बंगळूर
२९ सप्टेंबर २०२५
(स्पीड पोस्टनं)

वहिनी,

तुमचं पत्र आज मिळालं. ‘बाटली’ हा शब्द वाचला आणि त्याच क्षणी घरी फोन केला. तुम्ही शाळेत होतात. काय झालं ते भाऊनं तुम्हाला त्याच्या पद्धतीनं सांगितलं असेलच. आता माझ्याकडून ऐका.

नमुना म्हणजे औषध नाही. नमुना म्हणजे प्लास्टिकचं खेळणं! आमच्याकडे एक यंत्र आहे, ते त्या प्रथिनाचा आकार कोट्यवधी पटींनी मोठा करून प्लास्टिकमध्ये घडवतं. मुठीत मावेल एवढा निळा गुंतवळा. विषाचा कण लाल, आपला निळा, एकमेकांत बसतात. शाळेतली मुलं आली की आम्ही ते त्यांच्या हातात देतो. मला भाऊच्या हातात द्यायचा होता तो हा. मी शिकले ते त्याच्यामुळे. मी काय करते ते त्यानं एकदा हातात धरून बघावं, एवढंच मनात होतं.

मी फोनवर हे ओरडून सांगितलं. भाऊ काय म्हणाला माहीत आहे? “भूमिका, आम्हले शिकाडू नको. औषधवाला बी नमुनानी बाटलीवर असंच लिखतस, ‘विक्रीसाठी नाही’, ‘फक्त प्रात्यक्षिकासाठी’. आपण फवारतस ना? पीक मरस का?” आणि मागून माय म्हणाली, साहेब लोकांनी मला बोलायला बंदी केली असेल, फोनवर नको विचारू.

तेव्हा मला कळलं मी काय करून बसले. आपल्या घरी वर्षानुवर्षं बियाण्याचे, फवारणीचे नमुने येतात. नमुना म्हणजे विकायला यायच्या आधी ओळखीच्या माणसाला गुपचूप मिळणारा खरा माल. हा शब्द मी त्याच घरात शिकले आणि इथे येऊन विसरले.

आणखी एक. हे मी लपवलं नाही, पण लिहिलंही नाही. आमचं काम नागाच्या विषातल्या एका जातीच्या कणांवर आहे, जे नसांवर बसून श्वास थांबवतात. घोणशीचं विष वेगळं. ते रक्त गोठू देत नाही, मूत्रपिंड नासवतं. घोणशीच्या विषाला आमचा तुकडा हातही लावू शकत नाही. मी ‘सापाच्या विषावर’ असं लिहिलं, कारण ‘नागाच्या विषातल्या काही कणांवर, उंदरांमध्ये’ हे फार छोटं वाटलं असतं. तुम्ही म्हणाला होतात, बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

आता नीट वाचा. मी इथल्या एका विषतज्ज्ञ डॉक्टरांना सगळं विचारलं. एकदा त्रास झाला म्हणून पुन्हा कधीच द्यायचं नाही, असं नसतं. विष चढल्याचं दिसलं तर घोड्याचंच औषध द्यायचं. दुसरं काही नाही. फक्त डॉक्टरांना आल्याआल्या सांगायचं, म्हणजे ते श्वासासाठीचं इंजेक्शन आधीच भरून हाताशी ठेवतात आणि औषध नजरेखाली देतात. धोका आहे. पण तो त्यांना आवरता येतो. न दिलेल्या औषधाचा धोका कुणालाच आवरता येत नाही.

भाऊला बूट घालायला लावा. माझ्यावर चिडू दे, बोलणं टाकू दे, पण बूट घालू दे.

भूमिका

—

नंदुरबार
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय भूमिका,

हेमराज आहेत. हे आधी.

तू फोनवर माझ्याशी बोललीस तेव्हा मी ‘नंतर सगळं लिहिते’ म्हणाले. इथेही फोन मायंच्या हातात असतो आणि स्पीकरवर असतो. हेमराज झोपले आहेत. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे.

तुझं पत्र मला शाळेत मिळालं आणि मी ते व्हरांड्यात उभ्या उभ्या दोनदा वाचलं. मी रोज मुलांना शब्दांचे अर्थ विचारते. नमुना म्हणजे कसला, हे मी तुला विचारलं नाही, फ्रीजचं विचारलं. जे टोचत होतं ते बहुधा हेच होतं. उत्तर आवडलं होतं, म्हणून प्रश्न विचारला नाही.

घरी येऊन सांगितलं. हेमराज म्हणाले, “तुमी दोन्ही शिकेल बाया, एकमेकीस्ना भ्याव वाढावतस.” बूट घातले नाहीत. मी त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवले, तर म्हणाले, चपलेची सवय मोडते.

मंगळवारी दुपारी बांधावरचा चाऱ्याचा भारा उचलताना पावलावर चावली. या वेळी त्यांनी स्वतः पाहिली. घोणसच. ललितनं मोटारसायकलवर मागे बसवून तालुक्याच्या दवाखान्यात आणलं, मी शाळेतून तिथेच पोचले. डॉक्टर रंजिता वळवी, तरुण आहेत, शांत आहेत. मी धापा टाकत तू लिहिलेलं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, मीही तेच करणार आहे. त्यांनी काचेच्या नळीत रक्त काढून उभं ठेवलं. गोठलं तर ठीक. काही वेळानं त्यांनी नळी तिरपी केली. भूमिका, रक्त पाण्यासारखं वाहिलं. तेवढ्यात हेमराज थुंकले, तर तेही लाल.

आणि ते म्हणाले, “माले घोडानं देऊ नका. मन्ही बहीण औषध लई येई ऱ्हायनी.” डॉक्टर म्हणाल्या, बहीण आणेल असं कुठलंही औषध नाही. ते हात मागे ओढून बसले. सुई लावू देईनात. दोन वॉर्डबॉय आले तर त्यांना लाथ मारली. डॉक्टर मला म्हणाल्या, “ते शुद्धीवर आहेत, जबरदस्ती करता येत नाही. समजवा त्यांना. माझ्याकडे वेळ नाही.” आणि त्या श्वासाचं इंजेक्शन भरायला वळल्या.

मी समजावलं. तू लिहिलेलं सगळं सांगितलं. ते माझ्याकडे बघत होते आणि मला दिसत होतं की त्यांना गेल्या वर्षीचा तो घसा आठवतोय. त्यांच्या डोळ्यांत हट्ट नव्हता, निव्वळ भीती होती. मग मी त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, “भूमिकाचा नमुना आला आहे. कालच आला. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. हीच ती बाटली आहे.”

त्यांनी हात पुढे केला. लहान मुलासारखा.

औषध थेंब थेंब सुरू झालं. मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. गळ्यावर गांधी उठायला लागल्या आणि मला वाटलं, मी यांना खोटं बोलून मारलं. बाकी काही वाटायला जागाच नव्हती. डॉक्टरांनी लगेच मांडीत इंजेक्शन दिलं, औषध थांबवलं, पुन्हा हळू सुरू केलं. श्वास अडला नाही. संध्याकाळपर्यंत रक्त गोठायला लागलं. लघवी कमी होती म्हणून इथे नंदुरबारला पाठवलं. मूत्रपिंडांवर अजून लक्ष ठेवून आहेत. काल लघवी थोडी वाढली. आज किती होते ते बघायचं, असं डॉक्टर म्हणतात.

इथे पत्र संपवता आलं असतं. तू म्हणशील, वाचले ना, मग खोट्याचं काय एवढं? मीही दोन दिवस तेच म्हणत होते.

काल चुनीलालभाऊ भेटायला आले. हेमराज उशीला टेकून बसले होते, आवाज खोल गेलेला, पण चेहरा फुललेला. म्हणाले, “देखं ना चुनीलाल? बहीणनं औषध. जराखी खाज उठनी, बस. घोडा राहता तर मी आठे खाटवर बसता नही.” चुनीलालभाऊ या वेळी हसले नाहीत. खुर्ची माझ्याकडे ओढून म्हणाले, “वहिनी, आमना घरना बी इचार करा. मन्ही ऊसतोड आते सुरू व्हई. एक बाटली भूमिकाले सांगी ठेवा. आमी बी मग घोडानं कोणलेच देणार नही.” दाराशी माय उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, फोनवरून अर्ध्या गावाला सांगून झालंय.

एका माणसाला वाचवायला मी जे बोलले, ते आता गावभर फिरत होतं. उद्या कुणाच्या तरी पायाला चावेल आणि तो माणूस दवाखान्यात हात मागे ओढून बसेल. बंगळूरहून येणाऱ्या बाटलीची वाट बघत. त्याच्या कानाशी वाकून खोटं बोलायला तिथे कुणी असेल का?

म्हणून मी तिथेच सांगितलं. चुनीलालभाऊंसमोर, मायंसमोर, मायंना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात. सगळा वॉर्ड वळून बघत होता. म्हटलं, ते घोड्याचंच औषध होतं. बाटलीवर लिहिलेलं आहे, डॉक्टरांना विचारा. भूमिकाचं औषध अजून माणसासाठी नाही, आणि झालं तरी ते घोणशीचं नाही. मी खोटं बोलले. घोड्यानंच वाचवलं.

माय खाली बसल्या. चुनीलालभाऊ म्हणाले, “मंग घोडानं लेवानं का?” म्हटलं, हो. लगेच. घरी न थांबता. ते मान हलवत राहिले. पटलं की नाही, माहीत नाही, पण गावात सांगतो म्हणाले.

मला वाटलं, हेमराज ओरडतील. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि अगदी हळू, जणू स्वतःशीच, म्हणाले, “पुढला टाईमले चावनं तर तुले सांगणार नही.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे वाकून पाहिलं. डोळे मिटलेले होते. त्यांनी ते थट्टेत म्हटलं असेल. तसं ते नेहमी बोलतात, तुला माहीत आहे. पण मला ओळखता आलं नाही, भूमिका. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला ओळखता आलं नाही. आणि पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही.

तू ये. त्यांच्याशी तुमच्या बोलीत बोल. माझा शब्द मी त्या खोट्यात वापरून बसले आहे.

तुझी वहिनी,
रोशनी